उकिरड्यात पुरलेली ताटली

माझ्यामुळं गंगापूरहून औरंगाबादला निघालेली सकाळची एस.टी. भर सडकेवर अर्धा तास अडकून पडली होती. ही गोष्ट आमच्या वस्तीवर अजून सांगतात आणि दर वेळी त्यातली मेंढरं वाढतात. परवा लग्नात कुणीतरी पाचशे सांगितली. खरं तर ती ऐंशीच्या वर नव्हती.

झालं असं की मी गंगापुरात बारावी झाले होते आणि पुढं शिकायला औरंगाबादला निघाले होते. आमची वस्ती सडकेला लागूनच. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एस.टी.ला हात केला, माझी पत्र्याची पेटी उचलली आणि ठेवायला म्हणून आत चढले. आमची मेंढरं एकच गोष्ट शिकलेली होती : आबा जिकडं, तिकडं आपण. त्यांना एस.टी.त चढता येईना, म्हणून ती एस.टी.ला वेढा घालून उभी राहिली. चार कोकरं सावली बघून गाडीखाली शिरली.

कंडक्टर ओरडला, "ओ पाव्हणं, यांची बी तिकिटं काढायची का?"

आबा शांतपणे म्हणाले, "त्येंना यायचं नाय. पोरीला जायचंय."

माझी माय तेव्हा कुठं रडायला सुरुवात करत होती. तिला रडणं थांबवून, पदर खोचून, गाडीखाली आडवं होऊन कोकरं ओढून काढावी लागली. लेक घर सोडून चालली आणि आपल्याला धड रडताही आलं नाही, हे ती पुढं कित्येक वर्षं बोलून दाखवायची. शेवटी आबा खाली उतरले, रस्ता सोडून शेतात गेले, मागं सगळी मेंढरं गेली, त्यांना हाकत माय गेली आणि एस.टी. सुटली. त्यामुळं निरोपाला हात हलवायलाही कुणी नव्हतं. मला खिडकीतून फक्त ऐंशी मेंढरांच्या पाठी दिसल्या.

हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी कुणी दुबईला गेलं, कुणी पुण्याला. मी गेले चाळीस किलोमीटर. पण तुमच्या विमानानं जेवढं अंतर तोडलं, तेवढंच त्या एस.टी.नंही तोडलं, असं मला वाटतं. वस्तीवर माघारी येऊन राहणं त्यानंतर मला कधी जमलं नाही.

माझ्याबरोबर आमच्या गावचे पोस्टमास्तर होते. कॉलेजचा फॉर्म त्यांनीच भरला होता आणि मला वसतिगृहावर पोचवायलाही तेच निघाले होते. ते आयुष्यभर सरकारी पत्रासारखं बोलले. वाटेत म्हणाले, "हिरा, शहरात सध्या नामांतराच्या प्रश्नावरून परिस्थिती तणावपूर्ण आहे. सदर बाबतीत आपण कोणतेही मत व्यक्त करू नये." मला मत नव्हतंच. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही, यावरून माणसांची घरं जाळली गेली, एवढं मी लहानपणापासून ऐकून होते. वस्तीवर हा विषय निघाला की मोठी माणसं आवाज खाली घ्यायची. मला पाठवू नका, तिकडं मोर्चे चालू आहेत, असं गावातल्या शहाण्यांनी आबांना बजावलंही होतं. आबा म्हणाले होते, "मोर्च्यात मानसंच असत्यात ना? लांडगं असते तर इचार केला असता."

वसतिगृहात माझ्या अंथरुणाचा प्रश्न निघाला. मायनं घोंगडी दिली होती. नवी घोंगडी, तीही पावसाळ्यात, म्हणजे खोलीत एक जिवंत मेंढी बसवल्यासारखंच. पहिल्या खोलीतल्या मुलींनी नाकाला रुमाल लावले. दुसऱ्या खोलीतल्या मुली तक्रार घेऊन रेक्टरबाईंकडं गेल्या. त्याच दिवशी जालन्याकडची एक मुलगी आली होती, सुजाता नावाची. तिच्याबरोबर राहायलाही कुणी तयार नव्हतं. तिच्याकडं घोंगडी नव्हती. तिचं फक्त आडनाव त्यांना कळलं होतं. रेक्टरबाईंनी दोन तक्रारी एका खोलीत घालून मिटवल्या.

आता जे सांगते ते सांगायला मला अजूनही जड जातं. पहिल्या संध्याकाळी मी माझा पाण्याचा तांब्या हळूच माझ्या बाजूला ओढून घेतला. कुणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप गेला. सुजाता बघत होती. ती म्हणाली, "ओढ, ओढ. पण तुझ्या घोंगडीचा वास माझ्याकडं येतोय, तोही जरा ओढून घे."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. मी तांब्या खोलीच्या मधोमध ठेवला. ती लगेच उठून सगळं पाणी पिऊन गेली. म्हणाली, "तहान लागलेली नव्हती. पण ठेवलायस ते खरं का खोटं, बघितलं."

आमची मैत्री तिथून. ती कायदा शिकायला आली होती. मोर्च्याला जायची, घसा बसवून यायची, मग माझ्याकडून मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांचं रसायनशास्त्र समजून घ्यायची. ती लहान असताना तिच्या काकांचं घर जाळलं होतं. त्याबद्दल ती दोनदाच बोलली. बाकी वेळ तिला सिनेमातल्या नटांच्या भानगडी तोंडपाठ असायच्या.

त्या वर्षांत मी सुट्टीला गावी जाता-येता वाळूज वाढताना पाहिलं. एका दिवाळीला माळ असायचा, दुसऱ्या दिवाळीला तिथं तारेचं कुंपण, तिसऱ्या दिवाळीला पत्र्याची शेड आणि भोंगा. आबा हिवाळ्यात ज्या माळावर मेंढरं बसवायचे, तिथं प्लास्टिकचा कारखाना आला. आबांनी कुरकुर केली नाही. मेंढरांना मात्र कुंपण कळायचं नाही. ती जुन्या वाटेनं चालत जाऊन फाटकाशी उभी राहायची आणि वॉचमन आबांना गेट पास मागायचा.

एम.एस्सी. झाल्यावर मी विद्यापीठात पीएच.डी.ला नाव घातलं. माझे मार्गदर्शक, त्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, अगदी भला माणूस. कायम कसल्या तरी काळजीत. मेंढरांच्या माळावरच्या त्याच प्लास्टिक कारखान्याच्या शेठनं सरांकडं एक काम आणलं होतं. शेठ लग्नात लागणाऱ्या प्लास्टिकच्या ताटल्या करायचा. त्याला परदेशातल्या एका गिऱ्हाइकानं विचारलं होतं, तुमचा माल 'ग्रीन' आहे का? शेठला आधी रंग वाटला. त्यानं हिरव्या ताटल्या पाठवल्या. त्या परत आल्या, तेव्हा तो विद्यापीठात आला.

मग मी ती ताटली केली. कल्पना साधी होती. आपल्याकडं पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी कुणी खात नाही. तिचा स्टार्च काढायचा, प्लास्टिकच्या भुकटीत मिसळायचा आणि गरम साच्यात दाबायचा. ताटली टाकून दिली की मातीतले जंतू स्टार्च खातील, प्लास्टिकचा भुगा होईल आणि तो 'मातीत मिसळेल'. हे शेवटचे दोन शब्द मी अहवालात फार आत्मविश्वासानं लिहिले होते. प्रयोगशाळेत बाटलीत ठेवलेल्या तुकड्यांचं वजन घटलं. सर म्हणाले, "घटलं म्हणजे कुजलं." मीही मान हलवली.

दिवाळीला मी सहा ताटल्या घेऊन वस्तीवर गेले. कडेला वेलबुट्टी असलेल्या, दिसायला फार गोड. मायनं एक हातात घेतली, वास घेतला, वाजवून बघितली.

"ह्ये कामून केलं?"

"माय, ही उकिरड्यात टाकली की कुजते."

"कुजायचंच व्हतं तर करायचं कशाला? पळसाची पत्रावळ काय वाईट हाय?"

मी तिला स्टार्च समजावून सांगितला, जंतू समजावून सांगितले, निर्यात समजावून सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि ताटली नेऊन उकिरड्यात पुरली. शेजारी एक पळसाची पत्रावळही पुरली आणि वर खुणेचा दगड ठेवला.

महिन्याभरानं पोस्टमास्तरांच्या अक्षरातलं पत्र आलं. मायला लिहिता येत नव्हतं. ती सांगायची आणि पोस्टमास्तर त्यांच्या भाषेत उतरवून घ्यायचे. 'चि. हिरा हिस अनेक आशीर्वाद. आपल्या मातोश्री कळवितात की, सदर ताटली उकिरड्यातून उकरून तपासली असता जशीच्या तशी आढळून आली. शेजारी पुरलेली पत्रावळ मात्र मिळून आली नाही. पुढील तपासणी अमावास्येस करण्याचे योजिले आहे.'

ते पत्र मी विभागात मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळे हसले, सर्वांत जास्त मी. कुणाच्याच लक्षात आलं नाही की माझ्या मायनं तुलनेसाठी शेजारी पत्रावळ पुरली होती, आणि आमच्या प्रयोगशाळेत तसं काही ठेवायचं राहून गेलं होतं.

अमावास्येनंतर दुसरं पत्र आलं : 'ताटलीस बारीक छिद्रे पडली असून त्यांतून सूर्य दिसतो. मातोश्रींचे म्हणणे असे की, ज्वारी होती तेवढी किड्यांनी खाल्ली. उरलेले त्यांना पसंत पडलेले दिसत नाही.' आणि तिसरं : 'सध्या मातोश्री सदर ताटलीचा उपयोग शेंगांतील माती चाळण्यासाठी करीत आहेत. काम उत्तम होते. आणखी दोन पाठवाव्यात.' सर म्हणाले, तिकडची माती कोरडी, वेळ लागायचाच. मी पुन्हा मान हलवली.

त्या संक्रांतीला विद्यापीठाचा प्रश्न सुटला. मागितलं होतं नामांतर, मिळाला नामविस्तार. जुनं नाव राहिलं, त्याच्याआधी नवं नाव जोडलं गेलं. शहर श्वास रोखून बसलं होतं. सुजाता मला घेऊन विद्यापीठाच्या फाटकाशी गेली. लोक आले होते, म्हाताऱ्या बायका फाटकाच्या खांबाला हात लावून बघत होत्या. सुजातानंही एकदा हात लावला. मग तिनं पर्समधून तिळगूळ काढला, अर्धा मला दिला आणि म्हणाली, "काका बघायला नाहीत." एवढंच.

उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा होता. मला मिरवायचं होतं, दुसरं काही कारण नाही. शेठच्या कारखान्यातून चाचणीच्या ताटल्यांची दोन पोती मागून घेतली आणि एस.टी.च्या टपावर टाकून वस्तीवर नेली. जेवणं झाली. बायका विचारायला लागल्या, उष्ट्या ताटल्या कुठं टाकायच्या? मी मांडवात उभी राहून मोठ्यानं सांगितलं, "कुठंही टाका! कुजतात त्या!" मायनं माझ्याकडं एकदा बघितलं, पण पाहुण्यांसमोर लेकीला बोलायचं नाही म्हणून गप्प बसली. लोकांनी कुठंही टाकल्या.

पावसाळा लागला तशी एक दिवस दुपारी प्रयोगशाळेच्या दारात आबा उभे. धोतर, फेटा, हातात काठी, खांद्याला कापडी पिशवी. मागं एक रिक्षावाला. रिक्षावाला मला म्हणाला, "बाजी, चाचा थैले में क्या लाए, जरा पूछो. मेरी रिक्षा में इतनी बास भर गई, अब सवारी कौन बैठेगी?" त्याला पैसे मिळाले होते. तरीही तो जाईना. त्याला बघायचंच होतं.

आत सर होते आणि शेठही होता. अंतिम अहवालावर सह्या व्हायच्या होत्या. तो टेबलावर मांडलेला होता. आबा आत आले, सगळ्यांना रामराम केला, पिशवीतून एक गोळा काढला आणि अहवालाच्या शेजारी ठेवला. मळकट, घट्ट पिळलेला, भाकरीएवढा गोळा. त्यातून एका ताटलीची कड बाहेर आली होती. वेलबुट्टी शाबूत होती.

"हिरा, तुझा माल परत आणलाय," आबा म्हणाले. "पोटातून निघाला. शिकल्याल्या मानसांत आणायचा म्हणून दोनदा धुतलाय."

मी विचारलं, "कोण गेलं?"

"पांढरी गेली. काळतोंडी बी गेली. तिसरी आजून चाऱ्याला तोंड लावीत नाय."

शेठ जरा सावरून म्हणाला, "बाबा, मेंढीचं काय, ती दिसेल ते खाते."

"नाय सायब," आबा म्हणाले. आवाज चढवला नाही. "मेंढरू लई चोखंदळ. पिलाष्टिक हुंगून सोडून देतं. हिनं त्यात ज्वारी घातली म्हणून खाल्लं."

रिक्षावाला नाकावरचा रुमाल काढून उभा राहिला. माझ्या तीन वर्षांच्या कामाचा निष्कर्ष आबांनी एका वाक्यात काढला होता. आधीची ताटली नुसतीच वाईट होती. मी ती खाण्याजोगी वाईट करून ठेवली होती.

सरांनी पेनाच्या टोकानं तो गोळा उलटवून पाहिला. मग अगदी मनापासून म्हणाले, "हिरा, आपला अहवाल तसा चुकीचा नाही. फक्त मेंढी आपल्या नमुन्यात नव्हती."

आबांनी चहा घेतला. मला रागावले नाहीत आणि तेच मला सोसवेना. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "आता तुझी नोकरी जाईल का?"

"नोकरी नाही आबा. शिक्षणच चालू आहे."

"आजून शिक्षणच हाय? मग बरं हाय. सुधारायला टाइम हाय."

संध्याकाळी मी औरंगपुऱ्यात सुजाताकडं गेले. ती तेव्हा एका वकिलाच्या हाताखाली काम शिकत होती आणि एका दुकानाच्या माडीवर राहायची. मी सगळं सांगितलं. शेठचं म्हणणं होतं, सही करून टाका, मेंढ्यांचं आपण बघून घेऊ. सर म्हणत होते, बाई, तू ठरव, आणि असं म्हणताना माझ्याकडं बघत नव्हते. सही केली की माझी पीएच.डी. वर्षभरात पुरी. नाही केली तर पहिल्यापासून.

सुजाता भेळ खात होती. ती म्हणाली, "आमच्या माणसाचं नाव एका कमानीवर लागायला घरं जळाली गं. जीव गेले. तुझ्या ताटलीला 'हिरवं' नाव लागायला काय लागतंय? एक रबरी शिक्का. नाव एवढं स्वस्त मिळत असेल तर त्याच्या मागं काही नसतं, एवढं बघ." मग भेळेचा पुडा माझ्याकडं सरकवत म्हणाली, "खा. हा कागद मेंढ्या खुशाल खातात."

मी सही केली नाही. अहवालात नवीन प्रकरण लिहिलं. शेवटी परिशिष्ट जोडलं : पोस्टमास्तरांच्या अक्षरातली तिन्ही पत्रं, जशीच्या तशी, त्यांच्या इंग्रजी भाषांतरासह. निरीक्षक म्हणून मायचं नाव घातलं. सरांनी तो अहवाल तीन दिवस टेबलाच्या खणात ठेवला. चौथ्या दिवशी सही केली आणि म्हणाले, "इतकी वर्षं शिकवतोय. परिशिष्टात कुणाची आई पहिल्यांदाच आली." त्या माणसाला त्या सहीची किंमत मोजावी लागणार होती, हे त्यांनाही ठाऊक होतं. शेठनं काम काढून घेतलं आणि पुढच्याच आठवड्यात टेम्पो पाठवून आपला साचाही नेला. साचा ठेवायची जागा भिंतीलगत पुष्कळ दिवस रिकामी होती. सर तिथून जाताना वळसा घालून जायचे.

मी शहरातच, पुंडलिकनगरात, एक खोली घेतली आणि बारावीच्या मुलींच्या शिकवण्या धरल्या. तीन वर्षं. या काळात वस्तीवर मला कुणी काय करतेस विचारलं की माय परस्पर सांगायची, "ती मेंढरांसाठी शिकतीय." लोकांना ते पटायचं.

त्या वर्षांत मी पुष्कळ विचार केला. हिरवं रसायनशास्त्र म्हणून जे मी शिकले होते, त्यात वस्तू कशी तयार होते याचा हिशेब चोख होता. विषारी द्रावकं कमी वापरा, ऊर्जा वाचवा, कचरा घटवा. सगळं बरोबरच आहे, मी आजही मुलांना तेच शिकवते. पण वस्तू आपल्या हातातून सुटल्यावर ती कुणाकुणाला भेटते, हे आम्ही विचारलंच नव्हतं. ती आधी झाडूवालीला भेटते. मग गटाराला, मेंढीला, किड्याला, विहिरीला. आणि डोळ्यांना दिसेनासं होणं म्हणजे नाहीसं होणं नव्हे, हे मला उकिरड्यानं शिकवलं. मी पहिला प्रश्नच उलटा धरला होता. प्लास्टिक कुजवायचं कसं, हे मी विचारत होते. ही वस्तू किती दिवस टिकायला हवी, आणि टिकून झाल्यावर कुणाच्या पोटात गेली तर चालेल, हे मायनं विचारलं असतं.

तेव्हा मी उसाच्या चिपाडाकडं वळले. गंगापूरकडं त्याला तोटा नाही. चिपाड कुटून दाबायचं ठीक, पण ते धरून ठेवायला चिकट काय घालायचं? कारखान्यातले सगळे डिंक मला आता मेंढीच्या पोटात दिसायचे. एका सुट्टीत मायला सहज विचारलं. ती हातानं घोंगडीच्या सुताला खळ लावत होती. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून केलेली खळ. ती म्हणाली, "ह्यानं ऊन-पाऊस दोन-दोन वरीस निघत्यात. तुजं काय त्यापरीस अवघड हाय?" मी लहानपणापासून त्या खळीत बोटं घालून बसत आले होते. बाजारातल्या यच्चयावत डिंकांची यादी केली होती, त्यात ती नव्हती.

नवी ताटली झाली. सरांच्या निवृत्तीच्या जेवणाला मी तीच मांडली. सरांना पहिला मान. आमटी वाढली, कुणीतरी भाषणाला उभं राहिलं, आणि भाषण संपायच्या आत ताटलीचा तळ सुटला. सगळी आमटी सरांच्या नव्या पँटवर. सर उठले नाहीत. त्यांनी उरलेली कड हातात धरून नीट पाहिली आणि म्हणाले, "कुजण्याचा वेग अपेक्षेपेक्षा बराच जास्त आहे." इतकी वर्षं काळजीत असलेला तो माणूस त्या दिवशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

ताटली म्हणून ती कधीच जमली नाही. पण भिजली की विरघळणं हाच जिचा गुण, अशी वस्तू कुणाला हवी असते? रोपवाटिकेला. तिच्याच कुंड्या केल्या, मिरचीच्या रोपांसाठी. कुंडीसकट रोप लावायचं, दोन पावसांत कुंडी गायब. आबांनी पहिली कुंडी मेंढ्यांपुढं ठेवली. एका मेंढीनं हुंगली, खाल्ली, वर मिरचीचं रोपही खाल्लं आणि ठसका लागून चार पावलं मागं सरकली. आबांनी तिला आठ दिवस डोळ्यांत तेल घालून पाहिलं. मग निरोप धाडला : "आता बरोबर." माझ्या प्रबंधावर परीक्षकांनी जे काही लिहिलं, ते मला आठवत नाही.

आजही त्या कुंड्या आपल्या भागातल्या पाच-सहा रोपवाटिका वापरतात. जग काही बदललं नाही. शेठच्या ताटल्या अजून लग्नात दिसतात. त्यांच्या खोक्यावर कुठून तरी हिरवं पानही आलंय.

पीएच.डी.चं प्रमाणपत्र मिळालं तेव्हा ते सुजाताला दाखवलं. तिनं वरची ओळ मोठ्यानं वाचली, विद्यापीठाचं पूर्ण नाव, सावकाश. माझं नाव वाचलंच नाही. मी म्हटलं, "अगं, खाली मी आहे." ती म्हणाली, "असू दे. तू कुठं पळून जातेयस?"

आबा गेल्याला आता बरीच वर्षं झाली. मेंढरं भावानं विकली, तो वाळूजला कामाला जातो. शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं. माय वस्तीवरच राहते. पुंडलिकनगरात चार दिवसांवर तिचं मन लागत नाही. इथं चालायला भिंती आड येतात, म्हणते.

गेल्या वर्षी तिच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला तिला इथं आणलं. दवाखान्यात केसपेपर काढायला रांगेत उभ्या होतो. खिडकीतल्या बाईंनी नाव लिहिलं, वय विचारलं. वयावरून माय आणि त्या बाईंच्यात थोडा वाद झाला, तो मिटला. मग त्यांनी विचारलं, "गाव?"

मी म्हटलं, "गंगापूर." त्याच क्षणी माय म्हणाली, "पुंडलिकनगर."

आम्ही दोघी एकमेकींकडं बघायला लागलो. तीस वर्षं होत आली, मी पुंडलिकनगरात राहून गाव विचारलं की गंगापूर सांगते. माय जन्मभर वस्तीवर राहून माझं घर सांगत होती. तिला वाटलं असणार, लेकीचं नाव मोठं. मला काय वाटतं, ते मला नीट सांगता यायचं नाही.

"एक काय ते ठरवा आजी," बाई म्हणाल्या. मागची रांग चुळबुळ करायला लागली. शेवटी त्यांनीच दोन्ही लिहून टाकलं : गंगापूर, ह. मु. पुंडलिकनगर.

कागद हातात घेऊन बाकावर बसलो. मायनं त्या अक्षरांवर बोट ठेवलं. "ह्ये मधी काय लिवलंय?"

"हल्ली मुक्काम. म्हणजे माणूस मूळचा तिकडचा, पण सध्या इथं."

मायनं कागदाची घडी केली. मग म्हणाली, "मंग आपलं दुसरं कधी काय व्हतं, हिरा? मेंढरामागं आज ह्या रानात, उंद्या त्या. लगीन होऊन आले तवापासून मी हल्ली मुक्कामच हाय." आणि आतून तिच्या नावाचा पुकारा झाला, तशी माझा हात धरून उठली.